नीलाक्काच्या आडातला सूर्य

फोन आला तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. नळदुर्गहून शोभा बोलत होती. शोभा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतःच नातवंडांची आजी, आणि गेली वीस वर्षं तिच्या भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. "मामा, बाई गेल्या," म्हणाली, आणि मग जमेल तसं सांगत गेली. सकाळी उठून अक्कानं स्वतःचा चहा केला होता, पेपर वाचायला घेतला होता आणि खुर्चीतच मान कलली होती. दवाखाना नाही, कुणाला त्रास नाही. मी तोंडावरचा साबण पुसला आणि तसाच सोलापूरच्या स्टँडवर जाऊन हैदराबादकडच्या पहिल्या गाडीत बसलो. गाडीतली माणसं माझ्याकडं का बघतात ते बराच वेळ कळेना. गाल चाचपला तेव्हा लक्षात आलं, एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी पांढऱ्या खुंटांची. अक्का असती तर माझं घरचं नाव घेऊन म्हणाली असती, "अर्धंच काम करायची तुझी खोड अजून गेली न्हाय, बसू." आणि मला भर गाडीत रडू आलं.

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. शेताच्या कडेला खड्डा तयार होता, स्वामी आले होते, आणि कुणीतरी विचारलं, "किती वाजले?" तीन-चार मनगटं वर गेली. मी मात्र खाली बघितलं, माझ्या पायापाशी पडलेल्या सावलीकडं, आणि म्हणालो, "बाराला अजून अर्धा तास आहे." बहिणीच्या दुःखानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं अशा नजरेनं स्वामींनी माझ्याकडं पाहिलं. डोकं जागेवर होतं. ही सवय मला अक्कानं लावली, आणि ती कशी लागली हे सांगण्यासाठीच हे सहा आठवड्यांनी लिहायला बसलो आहे. नळदुर्गच्या आसपास चार-पाच गावांत तिला 'नीलाबाई' म्हणून ओळखतात, मुलींच्या शाळेच्या नीलाबाई. त्या शाळेत ती पोचलीच नसती अशी एक वेळ आली होती, आणि ती माझ्यामुळं आली होती. हे आजवर मी कुठं बोललो नाही.

तेव्हा आमच्याकडं निजामाचा अंमल होता. घरात आव्वाशी, म्हणजे आईशी, कानडी, दारात मराठी, कचेरीत उर्दू, असा तीन भाषांचा संसार. आप्पांचं दुकान म्हणायला किराण्याचं, पण खरा जीव काष्ठौषधींचा. मागच्या भिंतीला चिनी मातीच्या बरण्यांची रांग होती आणि दुकानात शिरलं की ज्येष्ठमध, ओवा आणि सुकलेल्या गुलाबपाकळ्यांचा मिळून एक वास यायचा, जो आमच्या कपड्यांना सणासुदीलाही सोडत नसे. रस्त्यापलीकडं हकीमसाहेबांचा यूनानी दवाखाना. ते नाडी बघायचे, औषधांची यादी एका चिटोऱ्यावर उर्दूत लिहून द्यायचे आणि रोग्याला आमच्याकडं पाठवायचे. आता गंमत अशी की आप्पांना मोडी यायची, कानडी यायचं, पण उर्दू अक्षर म्हणाल तर नाव नको. मग रोगी परत रस्ता ओलांडून जायचा, विचारून यायचा, येईपर्यंत निम्मं विसरायचा. खोकल्याच्या माणसाला पोटाचं औषध गेलं नाही हे आमचं आणि हकीमसाहेबांचं नशीब.

अक्काचं लग्न तेराव्या वर्षी झालं, सोळाव्या वर्षी नवरा तापानं गेला, आणि ती माहेरी परत आली. आप्पांनी तिला दुकानाच्या मागच्या बाजूला पुड्या बांधायला बसवलं. पुड्या बांधता बांधता ती चिटोरे बघायची. कुठल्या रेघेनंतर कुठली बरणी उघडली जाते हे तिनं मनात जुळवत नेलं आणि पाच-सहा महिन्यांत ती चिटोरा बघून सरळ बरणीला हात घालू लागली. रोगी परत विचारायला येईनासे झाले म्हणून हकीमसाहेबच एक दिवस चौकशीला आले. उंच, कृश, पांढरी दाढी, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. "कौन पढता है इधर?" त्यांनी विचारलं. आप्पांनी जरा भीतभीतच मागं बोट दाखवलं.

त्या दिवसापासून तिची शाळा सुरू झाली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की हकीमसाहेब आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि पाटीवर तिला अक्षरं घालून देत. एकदा त्यांनी उस्तुखुद्दूसची बरणी पुढं ओढली. जांभळट वाळकी फुलं, डोकेदुखीवर द्यायची. म्हणाले, "हे नाव कुठलं वाटतं तुला, बेटी? आमचं नाही, अरबांचंही नाही. यूनानी लोकांनी दर्यातल्या काही बेटांना दिलेलं नाव आहे. तिथं हे झाड उगवायचं." अक्कानं चिमूटभर फुलं तळहातावर घेऊन हुंगली. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा यूनानी, म्हणजे ग्रीक, माणसानं पाला चाखून, हुंगून, लिहून ठेवला. त्याचा देश बुडाला, राज्यं गेली. कुणी अरबानं ते आपल्या भाषेत उतरवून घेतलं, ते इराणात आलं, दिल्लीला आलं, हैदराबादला आलं, आणि नळदुर्गच्या बाजारात एक लिंगायताची पोर त्याची पुडी बांधत होती. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. मला वाटायचं, नाव अवघड आहे म्हणून औषध महाग आहे.

हकीमसाहेबांकडं एक जुनं उर्दू पुस्तक होतं, आकाशाचं आणि भूमितीचं. त्यातली एक गोष्ट त्यांनी एका दुपारी सांगितली. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, एक यूनानी विद्वान होता, पुस्तकांचा मोठा खजिना सांभाळायचा. त्याला कळलं की दक्षिणेकडच्या एका गावात एक विहीर आहे आणि वर्षातल्या एका दिवशी भर दुपारी सूर्य थेट तिच्या तळाशी उतरतो. त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच्या स्वतःच्या गावात मात्र खांबाची सावली पडत होती. का? तर जमीन सपाट नाही, गोल आहे. मग ती सावली मोजून आणि दोन गावांमधलं अंतर घेऊन त्यानं घरबसल्या सगळ्या पृथ्वीचा घेर काढला. हकीमसाहेब अशा थाटात थांबले की आता आम्ही वाहवा म्हणावं. अक्का पुडीचा दोरा तोडत म्हणाली, "आमच्या बी आडात उतरतोय की सूर्य."

"काय म्हणालीस?"

"कृत्तिका लागताना एकदा आन् पुष्य सरताना एकदा. गल्लीतल्या समद्या बायांस्नी ठाऊक हाय. एरवी आडाची एक बाजू उन्हात, एक सावलीत. त्या दिवशी चारी भिंती अंधाऱ्या आन् खाली पाणी तेवढं झळाळतंय. मग घडीभरात सरतंय."

हकीमसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चाळीस साल मी हे वाचतो आहे," ते म्हणाले, "आणि ती विहीर माझ्या दवाखान्याच्या पाठीमागं!" म्हातारा माणूस लहान पोरासारखा हसत सुटला. नक्षत्रं शेतकऱ्याची, आड बायकांचा, पुस्तक यूनानचं... ती तिन्ही आमच्या ओट्यावर एकत्र आली याचा त्यांना झालेला आनंद मला अजून दिसतो.

याच सुमारास गावात मुलींची शाळा निघायचं ठरलं. शिकवायला बाई हवी होती, आणि लिहिता-वाचता येणारी बाई पंचक्रोशीत दुसरी नव्हती. पण अक्का शाळेची पायरी कधी चढलेली नाही, जवळ कागद नाही. हकीमसाहेबांनी शाळाखात्याच्या मुहतमीमसाहेबांकडं, म्हणजे तिथल्या मोठ्या अधिकाऱ्याकडं, शब्द टाकला. निरोप आला की भाद्रपदात फिरतीवर येईन तेव्हा बाईला तपासेन, पाठ केलेलं ऐकणार नाही, स्वतः केलेलं काहीतरी दाखवा. इकडं आप्पांनी आळंदकडच्या एका बिजवराचं स्थळ बघून ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण पन्नाशीला टेकलेला होता आणि त्याला पहिलीची चार मुलं होती. आप्पा अक्काला म्हणाले, "साहेब व्हय म्हणाला तर म्या न्हाय म्हणणार न्हाय. पर तो न्हाय म्हणाला तर मार्गशीर्षात तू बी न्हाय म्हणायचं न्हाय." अक्का कबूल झाली. तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा सौदा ओट्यावर उभ्याउभ्या झाला.

स्वतः केलेलं काय दाखवायचं हे तिनं आधीच ठरवलं होतं. पृथ्वी मोजायची. नळदुर्गला आड होताच. दुसरी सावली लांब उत्तरेला हवी, आणि मी नुकताच औरंगाबादला मोंढ्यातल्या एका आडतीच्या दुकानात कामाला लागलो होतो. तहसिलात टांगलेल्या नकाशावर दोरा धरून हकीमसाहेबांनी उत्तर-दक्षिण अंतर काढलं, एकशे बेचाळीस मैल. मला पत्र आलं: दहा फुटांचा बांबू घे, गवंड्याच्या ओळंब्यानं अगदी ताठ उभा कर, आणि कृत्तिका लागेल त्या दिवशी, म्हणजे मेच्या अकरा-बारा तारखेला, दुपारी बाराला सावली मोजून कळव. मी अठरा वर्षांचा होतो, शहरात नवा होतो, आणि दुकानातले हमाल माझ्या बांबूला हसत होते. शेठकडून मी वेळ मागून घेतली, भिंतीवरच्या घड्याळात बाराचे ठोके पडले, मी धावत अंगणात गेलो, सावली मोजली. चव्वेचाळीस इंच. पोस्टकार्ड टाकलं आणि मोठ्या ऐटीत जेवायला बसलो.

आठ दिवसांनी अक्काचं उत्तर आलं. ते कार्ड माझ्यापाशी नाही, पण मजकूर पाठ आहे. 'तुझ्या सावलीच्या हिशेबानं पृथ्वी चोवीसशे मैलांची होते. म्हणजे इथनं निघालेला माणूस सरळ चालत गेला तर पाच महिन्यांत आपल्याच परसात उतरेल. तू घड्याळ बघितलंस. सावलीला विचारायचं होतं, घड्याळाला नाही. सूर्य डोक्यावर येण्याच्या दीड-दोन तास आधीपासून सावलीच्या टोकाला चुन्यानं खुणा करत बस. ती आखडत आखडत जाईल आणि परत वाढायला लागेल. सगळ्यांत आखूड जी, तीच खरी दुपार. पुष्य सरताना परत मोज. बाकी क्षेम.'

झालं होतं असं की महायुद्धामुळं सरकारनं घड्याळं तासभर पुढं सारली होती. शेठचं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाबरोबर चाले, आणि स्टेशनचं घड्याळ तसंही आमच्याकडच्या सूर्याच्या पुढंच असायचं. त्या घड्याळात बारा वाजले तेव्हा खरी दुपार व्हायला चांगला दीड तास अवकाश होता. नळदुर्गला ही अडचण कुणाला सुचलीच नाही, कारण तिथं पुढं सारायला घड्याळं होती किती? गावची दुपार हकीमसाहेबांच्या मशिदीत ठरायची, अंगणातल्या दगडाच्या सावलीवरून. पत्रात 'बाराला' लिहिताना अक्काच्या डोळ्यांपुढं ती दुपार होती, वाचताना माझ्या डोळ्यांपुढं शेठच्या भिंतीवरचं घड्याळ. मी कार्ड वाचून खजील झालो, पण खरं सांगायचं तर फार नाही. परत मोजू, त्यात काय, असं वाटलं. तिकडं काय झालं होतं ते मला ठाऊक नव्हतं.

पुष्य सरायचं म्हणजे ऑगस्टचा आरंभ, भर पावसाळा. त्या साली पावसानं ओढ दिली होती. तूर, भुईमूग माना टाकून उभे होते. आमच्याकडं अशा वेळी महादेव कोंडतात, म्हणजे देवळाचा गाभारा पाण्यानं भरून पिंड बुडवतात, की देवानं गुदमरून तरी आभाळाला सांगावं. गल्लीतल्या सगळ्या बायका आमच्याच आडाचं पाणी शेंदून देवळात ओतत होत्या. अक्काही घागरीवर घागरी ओतत होती. सगळं गाव पाऊस मागत होतं, आणि या बाईला नेमकी एक दुपार ऊन हवं होतं. पुढं एकदा मी विचारलं, तू देवाकडं मागितलंस तरी काय? म्हणाली, "घागर गावासाठी वतली. मनात माझं मागितलं. दोन्ही मागितलं." त्या दिवशी नळदुर्गवर सकाळपासून आभाळ काळं झालं आणि दुपारच्या आत असा पाऊस लागला की पोरं रस्त्यात नाचायला लागली. अक्का पदर डोक्यावर घेऊन आडाच्या काठाशी भिजत उभी राहिली. खाली काळं पाणी आणि त्यावर थेंबांचे फोड. "रडले," ती सांगायची. "मग वाटलं, पिकाला पाणी मिळालं, त्येचं काय रडायचं?"

औरंगाबादला मी त्या दिवशी सकाळपासून अंगणात ठाण मांडलं होतं. आभाळ उघडत होतं, झाकत होतं. आता हमाल हसत नव्हते, उलट ऊन पडलं की तेच ओरडायचे, "आलं आलं, कर खूण!" चुन्याच्या सात खुणा झाल्या. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजून गेला तेव्हा सावली अगदी बांबूच्या पायाशी येऊन थांबली आणि मग पुन्हा पसरायला लागली. सगळ्यांत आखूड खूण मी तीनदा मोजली. साडेचार इंच. शेठ स्वतः बाहेर येऊन बघून गेले. या वेळी मी कार्डावर एकही फुशारकीचा शब्द लिहिला नाही.

भाद्रपदात मी चार दिवस घरी आलो, आणि पहिल्याच संध्याकाळी आव्वानं भाकरी थापता थापता मला सांगितलं. माझा तो चव्वेचाळीस इंचांचा आकडा आला तेव्हा आप्पांनी भर दुकानात, गिऱ्हाईकांसमोर, हसून विचारलं होतं, "काय मास्तरीणबाई, पृथ्वी आटली म्हणं तुमची?" माणसं पोट धरून हसली होती. आळंदला होकार कळवायला माणूस निघाला होता. आणि अक्का एवढंच म्हणाली होती, "माझं गणित चुकलं, आप्पा. श्रावणापतुर थांबा." बसूनं चूक केली, हे तिनं सांगितलं नाही. आव्वालाही तेव्हा सांगितलं नव्हतं. मी चुलीपाशी बसून राहिलो. मला त्या वेळी तिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं... मी बोललो नाही. अठराव्या वर्षी माणसाला माफी मागायची लाज वाटते आणि नंतर ती वेळ निघून जाते.

मुहतमीमसाहेब आले ते हकीमसाहेबांच्या दवाखान्यात बसले. शेरवानी, हातात छडी, चेहरा थकलेला. आप्पा दाराशी उभे, मी त्यांच्या मागं. अक्कानं पाटीवर सगळं मांडलं: हा गोल, ही काठी, ही साडेचार इंचांची सावली. काठीएवढी त्रिज्या धरली तर सावली गोलाच्या घेराचा एकशे सदुसष्टावा हिस्सा होते, म्हणून एकशे बेचाळीस मैलांना एकशे सदुसष्टांनी गुणायचं. तेवीस हजार सातशे आणि वर काही मैल, खऱ्या घेराला हजार-बाराशेच कमी. साहेबांनी पाटी हातात घेतली, गुणाकार तपासला. मग अगदी सहज विचारलं, "उस दिन नलदुर्ग में तो बारिश थी. तुमने सूरज को कुएँ में देखा?"

हकीमसाहेबांनी मान खाली घातली. हो म्हणाली असती तर कोण तपासायला जाणार होतं?

"न्हाय, साहेब," अक्का म्हणाली. "नहीं देखा."

"तो फिर कैसे कहती हो कि वहाँ था?"

अक्कानं पाटीवर एक उभी रेघ ओढली. आणि मग मराठीतच बोलली, तिला मोठं काही बोलायचं असलं की उर्दू सोडून द्यायची. "साहेब, कृत्तिका लागली त्या दिवशी म्या त्येला आडात बघितला. तिथनं त्यो उत्तरंला सरकत गेला. कृत्तिका, रोहिणी, मृग... तीन नक्षत्रं वर गेला. आर्द्रा लागली तवा मागं फिरला. आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य... तीन नक्षत्रं खाली आला. ज्या वाटंनं गेला त्याच वाटंनं आला. मग पुष्य सरताना त्यो आमच्या आडावर न्हाय तर कुठं असंल? ढग मधी आला, तर दिसला न्हाय एवढंच."

हकीमसाहेबांनी ते उर्दूत सांगायला तोंड उघडलं, पण साहेबांनी हात वर केला. त्यांना मराठी समजलं होतं. पाटी अलगद, दोन्ही हातांनी, तिला परत देत ते म्हणाले, "पीर के दिन से मदरसा खोल दो, बाई." म्हणजे सोमवारपासून शाळा. बाई! आजवर तिला कुणी बाई म्हटलं नव्हतं. आप्पा दुकानात निघून गेले. मी मागोमाग गेलो तर ते बरण्यांकडं तोंड करून डोळे पुसत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः आळंदला नकार कळवला, आणि त्यानंतर कितीतरी महिने आमच्या दुकानात जिरं घ्यायला आलेल्या माणसालाही पृथ्वीचा घेर ऐकल्याशिवाय पुडी मिळत नसे. "आमच्या नीलानं मोजलीया," हे शेवटी असायचंच.

पुढं वाईट दिवस आले. रझाकारांचे आले, मग पोलीस ॲक्शननंतरचेही आले, आणि भीती एका घरातून उठून दुसऱ्या घरात जाऊन बसली. हकीमसाहेबांचा दवाखाना महिनाभर बंद होता. आप्पा नको नको म्हणत असताना अक्का रोज सकाळी पिठाची-डाळीची पिशवी घेऊन, रस्त्याच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी त्यांच्या घरी जायची. कुणी अडवलं नाही. गावातल्या निम्म्या मुली तिच्याकडं शिकत होत्या. वर्षभरानं हकीमसाहेब मुलाकडं हैदराबादला निघाले तेव्हा त्यांनी तिला ते जुनं पुस्तक दिलं आणि आपल्या खलबत्त्यातला पितळी बत्ता दिला. खल त्यांनी नेला, बत्ता तिला ठेवला. बुडाशी सपाट, जड, टेकवला की ओळंब्याशिवाय ताठ उभा राहणारा.

तीस-बत्तीस वर्षं तिनं शाळा चालवली. दर साली कृत्तिका लागली की मुलींना आडाच्या काठावर घेऊन जायची, बत्ता दगडावर उभा करायची आणि सावली त्याच्या बुडाखाली शिरेपर्यंत सगळ्यांना उन्हात उभं ठेवायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत! आणि पोरी यायच्या. त्यांतली एक पुढं माकणीच्या धरणाच्या कामावर जमिनीचे चढ-उतार मोजत होती. तिनं अक्काला लिहिलेलं पत्र मी पाहिलं आहे. शोभा काही मोठी झाली नाही, पण तिच्या घरात अजून कुणी घड्याळाच्या सेलला दोष देत नाही, आधी अंगणात जाऊन बघतात. या माणसांना त्या यूनानी विद्वानाचं नाव ठाऊक नाही. मलाही ते धड उच्चारता येत नाही. त्याचं काम मात्र आमच्या गल्लीत चालू आहे.

यंदा कृत्तिका लागली त्या दिवशी मी नळदुर्गला गेलो. पूर्ण दाढी करून गेलो. शोभानं किल्ली दिली, कोनाड्यातून बत्ता काढून आणला. आडावर पंधरा वर्षांपूर्वीच सिमेंटची फरशी बसली आहे, नळ आले तेव्हापासून. आत मोटारीचा पाइप जातो तेवढंच भोक. अक्कानं त्यावर कधी कुरकुर केली नाही, ती फरशीवर बत्ता ठेवू लागली. मी ठेवला. खडूनं खुणा करत आम्ही दोघं म्हातारे पायरीवर बसलो. सावली आखडत गेली, बोटभर उरली, मग पेराएवढी, आणि मग नाहीच. पितळ नुसतं तळपत होतं. तेव्हा मी ते बोललो, पन्नास वर्षांपूर्वी चुलीपाशी बोलायचं राहून गेलेलं. फरशीकडं बघतच बोललो. शोभानं ऐकलं की नाही ठाऊक नाही, कारण ती वाकून फरशीच्या भोकाला डोळा लावत होती.

"मामा," ती म्हणाली, "आत पाण्यावर ऊन पडलं असंल का हो? काय दिसंना की."

"कृत्तिका लागली ना?"

"लागली की."

"मग पडलं."